डावीकडची वरची पाकळी

"बाई, एक पाकळी राहिली," पहिल्या बाकावरून वकील म्हणाली आणि वर्गात खसखस पिकली. वकील म्हणजे वर्गातलीच एक मुलगी. 'पण समजा' म्हटल्याशिवाय तिचं वाक्यच सुरू होत नसे, म्हणून शिक्षकांनीच तिला हे नाव ठेवलं होतं. गणिताच्या बाईंनी खडू खाली ठेवला, बोटं झटकली आणि थोडं मागं सरून फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर वृत्तालेख होता. वर्गातली मुलं शाळेत कशी येतात, पायी, सायकलवर, बसनं, आणि सगळ्यात शेवटी 'इतर', एवढंच साधं उदाहरण. लाकडी कंपासानं काढलेलं गरगरीत वर्तुळ आणि त्यात रंगीत खडूनं भरलेल्या पाकळ्या. बाईंची नजर सवयीनं केंद्रावर गेली, कंपासाच्या टोकानं फळ्याला पडलेल्या बारक्या छिद्रावर, आणि तिथंच थांबली. वर्तुळ पूर्ण होतं. कुठं नाव ठेवायला जागा नव्हती. "कुठं राहिली? ये, बोट ठेवून दाखव," बाई म्हणाल्या. वकील आली. तिनं हात उंच केला आणि वर्तुळाच्या डावीकडच्या वरच्या भागाकडे नेला. आणि बाईंच्या डोळ्यांदेखत तो हात मनगटाच्या जरा वर संपला. तुटला नाही, झाकला गेला नाही, नुसता संपला. त्याच्यामागं वर्तुळ होतं तसंच होतं, अखंड. बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यांनी डोळे हलवले मात्र, हात मनगटासकट, बोटांसकट जागेवर आला, आणि बोटाच्या टोकाखाली एक अख्खी पाकळी कोरी होती. तिच्यात ना रंग होता, ना नाव. नुसता काळा फळा. "अगोबाई," त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि वर्ग पुन्हा हसला, कारण गणिताच्या बाईंच्या तोंडून अगोबाई हा शब्द आजवर कुणी ऐकलाच नव्हता.

मुलं त्यांना मागून घार म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. शेवटच्या बाकावर कोण कुणाचं बघून लिहितंय, कुणाच्या कोनमापकाची शून्याची रेघ त्रिज्येवर नीट बसलेली नाही, हे फळ्याकडे तोंड असतानाही त्यांना कळे, असा त्यांचा दरारा. आणि वृत्तालेख तर त्यांचा जीव की प्राण होता. बाकी शिक्षक तो धडा उरकून टाकत. टक्केवारी काढा, गुणाकार करा, कोन काढा, रंगवा, झालं, पुढचा धडा. बाईंना ते पटत नसे. पोरं पहिल्याच दिवशी ठराविक चूक करतात, प्रत्येक कोन पहिल्याच रेघेपासून मोजतात आणि पाकळ्या एकमेकींच्या अंगावर चढतात, मग बाई म्हणत, "अरे, मागचा जिथं संपला तिथूनच पुढच्यानं सुरू व्हायचं, रांगेत उभं राहता ना?" दुसरी चूक शेवटच्या पाकळीची. ती कुणी मोजतच नाही. उरलं ते 'इतर', असं म्हणून तिथं हात झटकून मोकळे होतात. बाईंच्या वर्गात ही सूट नव्हती. शेवटच्या पाकळीलाही कोनमापक लावायचा, ती जेवढी यायला हवी तेवढी आली तरच आधीच्या सगळ्या खऱ्या. "इतर म्हणजे उकिरडा नव्हे," त्या ठणकावत, "इतरमध्ये पण माणसंच असतात." आणि आलेख वाचायचा कसा, तर आकडे झाकायचे, नावं झाकायची, नजर केंद्रावर ठेवायची आणि डोळे न हलवता सबंध वर्तुळ एका दमात आत घ्यायचं. कोण अर्ध्याहून मोठा, कोण चतकोर, कोण नुसती फट, हे आधी नजरेला कळलं पाहिजे, मग आकड्याला. या पद्धतीनं त्यांनी मुलांच्या कितीतरी पिढ्या तयार केल्या होत्या. आणि आज त्याच पद्धतीनं, केंद्रावर नजर ठेवून, त्यांनी एक कोरी पाकळी पूर्ण म्हणून पास केली होती. बरं, चूक म्हणावी तर ती चुकीसारखी वाटलीच नव्हती. शाळेतून घरी येताना सबंध रस्ताभर त्यांना हेच राहून राहून वाटत होतं. विसरलेली गोष्ट आठवली की आतून खटकतं. इथं काही खटकलंच नव्हतं.

घरी नवरा खिडकीची काच कापत बसला होता. काचा बसवायचा त्याचा धंदा. दुकान समोरच, पण नाजूक काम तो घरी, टेबलावर ब्लँकेट पसरून करी. बाईंनी पिशवी ठेवली, स्वयंपाकघरात गेल्या आणि वरच्या कपाटाच्या उघड्या दारावर डोकं आपटलं. डाव्या बाजूला, कपाळाच्या वर, आधीच्या टेंगळावरच. "हे दार उघडं कोण टाकतं या घरात?" त्या ओरडल्या. "तूच," नवरा बाहेरूनच म्हणाला. "सकाळी तूच उघडलंस आणि तूच आपटलीस. कालही तूच. मी म्हटलं, बोलावं तरी पंचाईत, न बोलावं तरी पंचाईत." मग तो आत आला, त्यांचं कपाळ बघितलं, आणि नेहमीची थट्टा त्याच्या तोंडावरून उतरली. टेंगूळ एकच नव्हतं. सगळी डावीकडे होती, नवी-जुनी. बाईंना एकदम काही दिवसांपूर्वीची एक सकाळ आठवली, डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढं पाण्यावर ऊन पडावं तसं काहीतरी थरथरत होतं, आणि पित्त झालं असेल म्हणून गोळी घेऊन त्या तशाच वर्गावर गेल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी त्रैराशिक शिकवलं होतं, आणि चांगलं शिकवलं होतं.

डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. हनुवटी टेकवा, कपाळ लावा, मधल्या ठिपक्याकडे बघत राहा, कुठंही उजेड लुकलुकला की बटण दाबा. तपासणाऱ्या मुलीनं पाठ केलेलं घडाघडा सांगितलं. मधल्या ठिपक्याकडे बघत राहा! बाईंना हसूच आलं. हेच तर त्या जन्मभर दुसऱ्यांना सांगत आल्या होत्या. आणि काय सांगावं, इतक्या वर्षांनी स्वतः परीक्षेला बसल्याचा त्यांना मनातून आनंदच झाला. बारीक बारीक उजेड येत होते, कधी ठळक, कधी असल्या-नसल्यासारखे, आणि बाई पटापट बटण दाबत होत्या. एकही सुटला नाही, अशी त्यांची खात्री होती. मध्ये मध्ये यंत्र थोडं थांबत होतं, काहीच लुकलुकत नव्हतं, तेव्हा त्या मनात म्हणाल्या, बिचारं दमलं वाटतं. पैकीच्या पैकी मिळवल्याच्या थाटात त्या बाहेर आल्या. मग डॉक्टरांनी कागद पुढं ठेवला. कागदावर वर्तुळ होतं, त्याला आडवी आणि उभी रेघ, आणि डावीकडचा वरचा चतकोर काळाकुट्ट. "हे तुम्हाला जरा समजावून सांगतो," डॉक्टर म्हणाले. "सांगायला नको," बाई म्हणाल्या, "काटकोनाहून थोडा कमी आहे. कडेला जरासं दिसतंय म्हणायचं." डॉक्टर चकित होऊन म्हणाले, "तुम्हाला आकृती वाचता येते." "तोच धंदा आहे माझा," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना उमगलं. यंत्र दमलं नव्हतं. ते उजेड दाखवतच होतं. दाखवत होतं, आणि त्यांच्यासाठी तिथं उजेड नव्हता, अंधार नव्हता, वाट बघणंसुद्धा नव्हतं.

डोळे ठणठणीत आहेत, डॉक्टरांनी सांगितलं. मेंदूच्या मागच्या भागात एक बारीकशी गुठळी येऊन गेली, आणि दोन्ही डोळ्यांनी आणलेलं त्या कोपऱ्याचं चित्र जिथं उमटतं, तेवढी जागा गेली. ती परत यायची नाही. पुन्हा असं होऊ नये म्हणून गोळ्या. मान वळवायची, डोळे मुद्दाम त्या बाजूला न्यायचे, हे हळूहळू अंगवळणी पडेल. गाडी चालवायची नाही. "आणि मला इतके दिवस कळलं कसं नाही?" बाईंनी विचारलं. "तिथं काळं का दिसत नाही?" डॉक्टर थोडे खुलले, हा प्रश्न त्यांना आवडत असावा. म्हणाले, "काळं दिसायलाही बघणारं कुणीतरी लागतं. तिथं बघणारंच नाही. मग मेंदू आजूबाजूला जे आहे त्यावरून तेवढी जागा भरून काढतो. भिंत असेल तर भिंत, आभाळ असेल तर आभाळ. आणि वर्तुळ असेल तर, तुम्ही म्हणता तसं, वर्तुळ." हे ऐकून बाईंना भीती वाटायला हवी होती. वाटलीही, पण भीतीच्या आधी, भीतीला बाजूला सारून, दुसरंच काहीतरी छातीत भरून आलं. लहानपणी आई घेराचे झगे शिवायची. कापडाची चौघडी घालायची, एका कोपऱ्यात बोटानं दाबून धरायची आणि कात्रीनं नुसती एक कमान कापायची. मग कापड उचलून झटकायची, आणि हवेत एक अख्खं वर्तुळ उघडायचं. प्रत्येक वेळी बाई, तेव्हाची एवढीशी पोर, दारात उभी राहून आ वासून बघायची. आईनं कापला होता एक चतकोर. बाकीचं आलं कुठून? आई म्हणायची, "वेडाबाई, घडीत होतं." दवाखान्याच्या पायऱ्या नवऱ्याचा दंड धरून उतरताना बाईंनी मान वर केली. समोर घरं, तारा, गच्च्या, आभाळ, सगळं भरगच्च, सगळं जिथल्या तिथं. त्यातला चतकोर त्यांच्या स्वतःच्या घडीतून येत होता. त्याला शिवण नव्हती. कुठून सुरू होतो ते कळत नव्हतं. हे एवढं थोर काम आपल्या डोक्यात आपल्याला न विचारता अहोरात्र चाललंय, या विचारानं त्यांना पायरीवरच थांबावं लागलं. "चक्कर येतेय का?" नवऱ्यानं घाबरून विचारलं. "नाही हो," त्या म्हणाल्या, "बघतेय."

पण घरी आल्यावर नवरा निराळंच बोलला. "शाळेत कुणाला सांगू नकोस. कशाला गावभर करतेस? मान वळवून काम भागतंय ना? मग झालं तर." तो चुकीचं बोलत नव्हता. गाण्याच्या सरांना कमी ऐकू यायला लागलं, तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, गोड बोलून त्यांना वाचनालयात बसवलं होतं. पेटी त्यांच्यासमोरच कपाटावर नेऊन ठेवली होती. सर भेटले की हसायचे, पुस्तकांवरची धूळ पुसायचे, आणि त्यांचं हसू बघवत नसे. गणिताच्या बाईंना वर्गाशिवाय काही नव्हतं. मूलबाळ झालं नाही, हौसमौज फारशी नाही, आणि घारीचं नाव गेल्यावर घारीजवळ राहतंच काय? त्या रात्रभर तळमळल्या नाहीत, उलट दमून गाढ झोपल्या, पण सकाळी उठल्या त्या ठरवूनच. सांगायचं नाही. मान वळवायची, डोळे फिरवायचे, आणि केंद्रावर नजर ठेवायची सवय सोडायची. एवढं काय त्यात.

त्या दिवशी मुलांनी घरून आपापले वृत्तालेख काढून आणले होते. बाई खुर्चीवर बसून एकेक कागद तपासत होत्या आणि मुलं रांगेनं येत होती. सुरुवातीला त्या फार जपून होत्या. कागद हातात आला की बोट कडेकडेनं फिरवायचं, बोटामागं नजर न्यायची, डावीकडचा वरचा कोपरा दोनदा बघायचा. घरातल्या खोल्या कुणी किती वापरतं, बागेत कुठली झाडं किती, आजोबा कुणाशी किती बोलतात. विषय मुलांचेच होते आणि एकेक असा नामी होता की बाई हळूहळू त्यात रमल्या. आजोबांच्या आलेखात सगळ्यात मोठी पाकळी मांजराची होती. बाई खळखळून हसल्या. आणि रमल्या तशी ती जुनी नजर आपोआप केंद्रावर जाऊन बसली, कारण इतक्या वर्षांची सवय ती, सांगून थोडीच जाते. वकिलीचा कागद आला. पावसाळी दिवसाचं आभाळ किती, ढग किती, असं काहीतरी होतं. रंग सुरेख, रेघा कोरीव. बाईंनी एका दमात वर्तुळ आत घेतलं, बरोबरची खूण केली, सही केली. वकील कागद घेऊन गेली नाही. तिथंच उभी राहिली. "काय गं? आता काय अपील आहे?" बाई म्हणाल्या. वकील खूप हळू बोलली, मागच्या मुलालाही ऐकू जाऊ नये इतकं. "बाई, माझं चुकलंय. तुम्ही बरोबर दिलंत." बाईंनी मान वळवली. इतरची पाकळी कोरी होती. "मुद्दाम सोडलीस?" वकिलीचे डोळे भरून आले होते. "हो. म्हणजे, मला वाटलं होतं की… त्या दिवशी मी हात वर केला ना, तेव्हा तुम्ही माझ्या हाताकडे बघत होतात आणि बघत नव्हतात. मला झोप आली नाही बाई. मी कुणाला बोलले नाही."

खरं तर राग यायला हवा होता. एवढीशी पोर आणि माझी परीक्षा घेते! पण राग आलाच नाही. बाई त्या कागदाकडे बघत राहिल्या. आपल्या सहीखाली ती कोरी जागा होती, आणि तिच्यावर बरोबरची लालभडक खूण. मान वळवून काम भागेल, हे खोटं होतं. भागेल बहुतेक वेळा, आणि ज्या वेळी भागणार नाही त्या वेळी त्यांना स्वतःला ते कधीच कळणार नाही. कळायची सोयच नाही. उद्या एखाद्याचं बरोबर त्या चूक म्हणतील, एखाद्याची अख्खी पाकळी गिळून वर शाबासकी देतील, आणि मन मात्र सगळं पूर्ण आहे, सगळं पूर्ण आहे, म्हणत राहील. ज्या बाईनं शेवटच्या पाकळीसाठी पोरांना रडवलं, तिनं हे करायचं? त्या उठल्या. "बस जागेवर," वकिलीला म्हणाल्या, "आणि डोळे पूस. बरोबर केलंस." मग त्यांनी फळा पुसला, कंपास घेतला, वर्तुळ काढलं, आडवी रेघ, उभी रेघ, आणि डावीकडचा वरचा चतकोर, त्याच्यावर नजर रोवून, पांढऱ्या खडूनं घासून घासून भरला. "वाचा," त्या म्हणाल्या. "नाव दिलेलं नाही. आधी आकार वाचा." कुणी म्हणालं एक भाग वेगळा आहे, कुणी म्हणालं पाव, कुणी म्हणालं पावाहून थोडा कमी. बाईंना भरून आलं. थोडा कमी, हे त्या पोरानं नुसत्या नजरेनं ओळखलं होतं. "हा कशाचा आलेख आहे, बाई?" "माझ्या दिसण्याचा," बाई म्हणाल्या. "रंगवलेला भाग मला दिसत नाही."

मग मागून कुणीतरी विचारलं, "तिथं काळं दिसतं?" "काळंसुद्धा नाही. तुला तुझ्या डोक्यामागं आत्ता काय दिसतंय? काळं दिसतंय?" पोरगा गोंधळला, मागं वळला, आणि नाही म्हणाला. "पण समजा," वकील उभी राहिली, आवाज अजून ओला होता, "समजा बाई, तिथं काहीच नाही, तर तुम्हाला भोक दिसायला हवं ना?" "हवं. दिसत नाही. तुम्हाला तरी कुठं दिसतं?" आणि बाईंनी सगळ्यांना कागद घ्यायला लावला. डावीकडे एक फुली, उजवीकडे हाताच्या पंजाएवढं अंतर सोडून एक ठिपका. डावा डोळा झाका. फुलीकडे बघत राहा, ठिपक्याकडे अजिबात बघायचं नाही, आणि कागद हळूहळू जवळ आणा. थोडा वेळ नुसता कागदांचा आवाज होता. मग एक किंकाळी. "गेला! ठिपका गेला!" "माझा पण!" "बाई, माझा जातच नाही… अय्या, गेला गेला!" डोळ्याच्या मागं जिथून नस बाहेर पडते तिथं प्रत्येकाला आंधळा ठिपका असतो, बाई सांगत होत्या, जन्मापासून असतो, आणि जन्मभर तो भरून काढला जातो. पण त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. एक डोळा झाकून, कागद नाकाशी धरून, अख्खा वर्ग ठिपका घालवत होता आणि परत आणत होता. वकिलीनं मात्र कागद खाली ठेवला आणि फार गंभीरपणे विचारलं, "बाई, ठिपका गेला हे ठीक आहे. पण त्याच्या जागी पांढरा कागद आला. तो कुठून आला?" डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं बाईंना पाठ होतं. पण त्या प्रश्नात जो अचंबा होता, तो कुठल्याच उत्तरात मावत नव्हता, आणि तो त्यांचाही होता, पायरीवर उभं राहून अनुभवलेला. आपण इतकी वर्षं वर्तुळ शिकवलं ते बाहेरचं. हे आतलं, न मागता पुरं करून देणारं, हे कुणी शिकवलंच नव्हतं. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "खरंच माहीत नाही गं." आणि हे वाक्य उच्चारताना त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

"हे बघा," जरा वेळानं त्या म्हणाल्या, "तास संपला की मी मोठ्या बाईंकडे जाऊन हे सगळं सांगणार आहे. त्या काय ठरवतील ते ठरवतील. कदाचित इथं दुसरं कुणी शिकवेल. पण त्यांनी मला विचारलं, की बाई, तो कोपरा तुम्ही सांभाळणार कसा, तर मला उत्तर द्यावं लागेल. एकटीला मला ते जमणार नाही, हे आज कळलं. फळ्याचा तो कोपरा, तुमच्या कागदांचा तो कोपरा, तपासून झाल्यावर मला सांगायचं, चूक असेल तर तोंडावर चूक म्हणायचं. न घाबरता. कोण करेल?" असं म्हणून त्यांनी समोर, पहिल्या बाकावर, वकिलीकडे पाहिलं. वकिलीचा हात वर होता. तिच्या शेजारणीचा होता. उजवीकडच्या रांगेत आजोबा-मांजरवाल्याचा होता, आणखी एक-दोघांचे होते. बस्स. बाकी भिंत होती, खिडकी होती, नेहमीसारखी, पूर्ण. ठीक आहे, त्या मनाशी म्हणाल्या, घारीची भीतीच तेवढी होती पोरांना. धाक गेला की कोण कुणाचं. पाच हात तर पाच हात. "बरं," त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "इतकेच का?"

"बाई," वकील म्हणाली, "मान वळवा."

बाईंनी मान वळवली. भिंत गेली, आणि तिथं हात होते. खिडकीकडची सबंध रांग होती, मागचे बाक होते, पोरं बसल्या जागेवरून अर्धी उठली होती, दोघं तर बाकावरच चढली होती, शाईनं माखलेले, पट्टी धरलेले, बाहीतून पुरते वर आलेले हात, एकमेकांच्या वर जायला धडपडणारे, आणि त्यातला एकही क्षणापूर्वी जगात नव्हता. बाईंचे डोळे भरले तेव्हा सगळंच अंधुक झालं, दिसणारं आणि न दिसणारं दोन्ही. "खाली घ्या," त्या म्हणाल्या, "खाली घ्या रे आता, दुखतील." कुणीच खाली घेतले नाहीत.